दुसऱ्याचा खेळ बघणारी मुलं



"बाई, स्वतः खेळत असता तरी एक वेळ समजलो असतो. हा तर दुसऱ्यानं खेळलेला गेम बघत बसतो!"

ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. आमच्या पालकसभेत तर ती आता गणवेश आणि पोषण आहाराइतकीच ठरलेली झाली आहे. मुलगा चौथी-पाचवीतला, मोबाइल मोठ्या भावाचा. स्क्रीनवर चित्रातले दोन पैलवान एकमेकांना बुकलताहेत, कोपऱ्यातल्या चौकटींत दोन खऱ्या माणसांचे गंभीर चेहरे आणि मागे हजारो लोकांचा आरडाओरडा. मुलगा काहीच खेळत नाहीये. नुसता बघतोय. आईला वाटतं, हे तर गेमपेक्षाही वाईट!

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. दुसऱ्याचा खेळ बघण्यात मला काही वावगं दिसत नाही. आपण क्रिकेट बघतच मोठे झालो ना? मला काळजी वाटते ती मुक्यानं बघण्याची. बघून झाल्यावर काय दिसलं हे मुलाला चार वाक्यांत सांगता आलं, तर तो वेळ वाया गेला नाही असं मी धरते. सांगता आलं नाही, तर समोर गेम होता की कीर्तन होतं, फरक पडत नाही. आणि ही गोष्ट "एवढ्या लाख लोकांनी पाहिलं" या आकड्यातून कधीच कळत नाही.

आता सविस्तर.

हे नेमकं काय असतं?

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्ट्रीट फायटर', 'टेकन' यांसारख्या खेळांना फायटिंग गेम म्हणतात. दोन खेळाडू, दोन पात्रं, एक मैदान. प्रत्येकाच्या नावाखाली जिवाची एक पट्टी असते. मार बसला की पट्टी कमी होते. ज्याची पट्टी आधी संपली तो फेरी हरला. एक फेरी मिनिटा-दीड मिनिटात आटोपते.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी व्हिडिओ गेमची पार्लरं होती, आठवतात का? रुपयाचं नाणं टाकायचं आणि हरेपर्यंत खेळायचं. माझा भाऊ तिथे पडीक असायचा. आम्हा मुलींना मात्र दारातूनच बघायला मिळायचं. म्हणजे दुसऱ्याचा खेळ बघण्याचा अनुभव मला फार जुना आहे म्हणा ना! एका मशीनवर दोघं खेळायचे आणि मागे दहा जण उभे. तो मागचा घोळकाच आज इंटरनेटवर गेला आहे.

हे खेळ बघायला सोपे का, हेही लक्षात घ्या. 'फ्री फायर' किंवा 'बीजीएमआय'ची स्पर्धा बघायला बसलात तर कोण कुठे लपलंय, कॅमेरा कुणाचा, काही कळत नाही. तिथे प्रत्येक खेळाडूला वेगळं चित्र दिसतं. फायटिंग गेममध्ये दोन्ही खेळाडू जे बघतात तेच आणि तेवढंच प्रेक्षकही बघतो. लपवाछपवी नाही. जत्रेतल्या कुस्तीसारखं सगळं उघड्यावर. नियम न कळणारी आजीसुद्धा कोणाची पट्टी संपत आली हे सांगू शकते.

कुस्तीशी दुसरंही साम्य आहे. मोठ्यात मोठ्या स्पर्धांमध्येही नोंदणीची फी भरून कुणालाही उतरता येतं. पहिल्याच फेरीत जगज्जेत्याशी गाठ पडू शकते! आणि एकदा हरलं की लगेच घरी पाठवत नाहीत. हरलेल्यांची वेगळी रांग असते, तिथून जिंकत जिंकत पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत येता येतं. दुसऱ्यांदा हरला की मात्र बाहेर. जो कधीच हरला नाही त्याला अंतिम सामन्यात याचा फायदा मिळतो, त्याला हरवायचं तर दोनदा हरवावं लागतं. परीक्षा घेणाऱ्या आपल्या मंडळींनी या पद्धतीकडे एकदा बघायला हरकत नाही, असं मला बऱ्याचदा वाटतं. असो.

चाळीस माणसांपासून

या क्षेत्रातली सगळ्यात नावाजलेली स्पर्धा म्हणजे 'इव्हो'. तिची सुरुवात १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका पार्लरमध्ये झाली. तेव्हा नाव होतं 'बॅटल बाय द बे' आणि खेळाडू होते ४०. आपल्या केंद्रस्तरीय कबड्डीला याहून जास्त मुलं येतात. २००२ मध्ये नाव बदललं, २००५ पासून स्पर्धा लास वेगासला भरू लागली. २०१६ मध्ये एकट्या 'स्ट्रीट फायटर ५'साठी ५,१०७ जणांनी नावं दिली आणि अंतिम सामने ईएसपीएन २ या क्रीडावाहिनीवर दाखवले गेले. २०२३ मध्ये 'स्ट्रीट फायटर ६'साठी ७,०६१ खेळाडू आले, त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

पण या सगळ्याआधी एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

साल २००४. कॅलिफोर्नियातच पोमोना इथे इव्हो भरली होती. 'स्ट्रीट फायटर ३'चा सामना. एकीकडे जपानचा दाइगो उमेहारा, दुसरीकडे अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या पात्राची पट्टी जवळजवळ संपलेली, अगदी केसाएवढी उरलेली. या खेळात जोरदार डाव हातानं अडवला तरी थोडासा जीव जातोच. म्हणजे दाइगोनं आता नुसता बचाव केला तरी तो हरणार. जस्टिनला हे माहीत होतं. त्यानं आपल्या पात्राचा, चुन-लीचा, सगळ्यात मोठा डाव टाकला. एकामागून एक १५ फटके!

या खेळात जीव अजिबात न जाता फटका परतवायची एकच युक्ती आहे. फटका लागायच्या नेमक्या क्षणी दांडी मागे न ओढता पुढे, शत्रूच्या दिशेनं ढकलायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत. क्षण चुकला की खेळ खलास. दाइगोनं ते एकदा नाही, पंधराच्या पंधरा वेळा केलं. शेवटचा फटका हवेत उडी मारून परतवला आणि खाली येता येता उलटा मारा करून फेरी जिंकली.

त्या चित्रफितीत खेळापेक्षा जास्त लक्षात राहतो तो मागच्या लोकांचा आवाज. चौथ्या-पाचव्या फटक्याला कुजबुज, मग ओरडा, मग नुसता कल्लोळ. तिथे बसलेल्या प्रत्येकाला काय चाललंय ते समजत होतं. समजत होतं म्हणून ते ओरडत होते. ज्याला त्या दांडीचं गणित माहीत नाही त्याला हे दृश्य दाखवा, तो म्हणेल, "बरं, मग?"

तेव्हा यूट्यूबही नव्हतं, ते २००५ मध्ये आलं. ही चित्रफीत फायलींमधून, डीव्हीडींमधून हातोहात जगभर गेली आणि कित्येक मुलं ती बघून या खेळात आली. आणखी एक गंमत सांगते. ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही! पुढे अंतिम सामन्यात तो केन्जी ओबाता या दुसऱ्या जपानी खेळाडूकडून हरला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो डाव. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मग पहिला नंबर आलेल्याची कुणी गोष्ट का सांगत नाही?" मी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि उत्तर दिलं नाही.

२०११ मध्ये 'ट्विच' नावाचं संकेतस्थळ सुरू झालं, खास गेम थेट दाखवण्यासाठी. २०१४ मध्ये अॅमेझॉननं ते सुमारे ९७ कोटी डॉलरला विकत घेतलं. एवढे पैसे कुणी उगाच मोजत नाही. लोक बघत होते म्हणूनच मोजले. त्यानंतर डीव्हीडीची वाट बघायचं कारणच उरलं नाही. लास वेगासमध्ये रविवारी संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेआठ झालेले असतात. इव्होच्या सोमवारी परिपाठाला कुणी पेंगताना किंवा गैरहजर दिसलं तर कारण तुमच्या लक्षात येईल.

आकड्याचं काय करायचं?

मुलं मला आकडे सांगतात. "बाई, एवढे लाख लोक बघत होते!" आणि मोठ्या माणसांनाही आकडा दिसला की खेळ मोठा वाटतो. पण हे आकडे वेगवेगळे असतात, आणि आपल्या शिक्षकांइतकं हे दुसऱ्या कुणाला चटकन समजणार नाही. बघा कसं ते.

आपल्या शाळेचा पट समजा ६० आहे. रोजची सरासरी उपस्थिती ५२. आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी पटांगणात उभी असलेली माणसं ३००, त्यात पालक, सरपंच, माजी विद्यार्थी आणि जिलेबीसाठी आलेली लहानगीही धरा. आता कुणी विचारलं, "तुमच्या शाळेत किती?" तर तुम्ही कोणता आकडा सांगाल?

थेट प्रक्षेपणाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा झेंडावंदनाचा आकडा सांगतात. अंतिम सामन्याच्या ऐन रंगात एका क्षणी सर्वाधिक किती जण हजर होते, तो हा आकडा. त्याला 'पीक' म्हणतात. सरासरी प्रेक्षक हा आपल्या रोजच्या हजेरीसारखा आकडा, तो बराच खाली असतो. आणि व्हिडिओखाली दिसणारे 'व्ह्यूज' म्हणजे गेटमधून आत डोकावून गेलेल्यांची गिनती, त्यात एकच माणूस चारदाही मोजला जाऊ शकतो. तिन्ही खरे, पण तिन्हींचा अर्थ वेगळा. पाचवीच्या मुलांना सरासरी शिकवताना मी हेच उदाहरण वापरते. त्या दिवशी मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा पुढे सरकून बसतात.

शिवाय प्रेक्षकांच्या बाबतीत फायटिंग गेम हे काही पहिल्या रांगेतले खेळ नाहीत. 'लीग ऑफ लीजंड्स'सारख्या सांघिक खेळांचे प्रेक्षक यांच्याहून कितीतरी जास्त. पण इथल्या प्रेक्षकाचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो : त्यातले पुष्कळ जण स्वतः तोच खेळ खेळतात. तालमीतला पोरगा जत्रेत कुस्ती बघायला जातो, तो काय बघतो आणि त्याच्याशेजारी बसलेला पुढारी काय बघतो? दोघंही हजेरीत एकेकच मोजले जातात. पण एक जण पायाची जागा बघत असतो, आणि दुसरा बघत असतो की आपल्या हातून बक्षीस कधी द्यायचंय!

लाहोरचा अर्सलान

आता जरा अवघड विषयाकडे येते.

माझ्या वर्गातल्या दोघा-तिघांचा आवडता खेळाडू आहे अर्सलान अॅश. खरं नाव अर्सलान सिद्दिक, राहणार लाहोर. खेळ टेकन. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये फुकुओकाला 'इव्हो जपान' भरली होती. तोवर टेकन म्हणजे कोरिया आणि जपान असंच समीकरण होतं. हा मुलगा प्रवासाच्या अडचणींतून कसाबसा तिथे पोचला आणि स्पर्धा जिंकला. जिंकल्यावर त्यानं सांगितलं की आमच्याकडे असे चांगले खेळाडू आणखीही आहेत. लोकांना अर्थातच ती बढाई वाटली असेल. सहा महिन्यांनी तो लास वेगासची इव्होही जिंकला, अंतिम सामन्यात कोरियाच्या 'नी' या दिग्गजाला हरवून. पुढे २०२३ मध्ये त्याच्याच देशाच्या आतिफ बट्टनं टेकनच्या जागतिक मालिकेची अंतिम स्पर्धा जिंकली, तेव्हा कळलं की ती बढाई नव्हती. अर्सलान स्वतः २०२३ आणि २०२४ मध्येही इव्हो जिंकला.

हे खेळाडू पार्लरमध्ये एकमेकांशेजारी बसून तयार झाले. बाहेरच्या स्पर्धांना जायला पैसा नाही, व्हिसा मिळेल याची खात्री नाही. पण जगातले उत्तम सामने बघायला तिकीट लागत नव्हतं. फुकट बघता येत होतं. माझ्या मते थेट प्रक्षेपणाची सगळ्यात मोठी कमाई ही आहे : जो तिथे जाऊ शकत नाही, त्यालाही तिथला डाव बघता येतो.

म्हणून सप्टेंबर २०२५ मधली एक बातमी मला खटकली. 'स्ट्रीट फायटर' बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीनं जाहीर केलं की त्यांची पुढची मोठी स्पर्धा, 'कॅपकॉम कप १२', थेट बघायची तर ४,००० येन मोजावे लागतील. चाहत्यांनी बरीच नाराजी व्यक्त केली. कंपनीची बाजूही मला समजते. आधीच्या वर्षी त्यांनी हीच स्पर्धा टोकियोत सुमो कुस्त्यांच्या प्रसिद्ध सभागृहात भरवली होती आणि विजेत्याला १० लाख डॉलर दिले होते. खर्च कुठून तरी निघायला हवाच. आपल्याकडेही कुस्तीच्या मोठ्या मैदानांना तिकीट असतं. पण आपल्याकडे तिकीट नसलेलं पोरगं झाडावर चढून बघतं आणि त्याला कुणी उतरवत नाही. पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या स्क्रीनला झाड कुठून आणायचं?

अवघड विषय म्हणाले तो हा नव्हे. तो पुढे आहे. एका मुलाचे वडील सभेनंतर थांबले. त्यांचे सख्खे भाऊ सैन्यात आहेत. म्हणाले, "बाई, पाकिस्तानच्या पोराचं कौतुक आमच्या घरात चालायचं नाही." मी वाद घातला नाही. ज्या घरातला माणूस सीमेवर आहे त्या घराला मी काय शिकवणार? मी फक्त मुलाला विचारलं, तुला तो का आवडतो? मुलगा खाली बघत म्हणाला, "तो मारायची घाई करत नाय. समोरचा चुकला की मगच मारतो. नुसता बाजूला सरकत ऱ्हातो."

अर्सलानच्या खेळाबद्दल जाणकार समालोचक हेच सांगतात. बचाव, बाजूला सरकणं, समोरच्याचा फटका वाया जाऊ देणं. या मुलाला इंग्रजी समालोचनातलं फारसं कळत नाही. त्यानं हे बघून बघून काढलं होतं. वडिलांना पटलं की नाही ते ठाऊक नाही, ते "बरं" म्हणून गेले. माझ्या लेखी मात्र त्या मुलाचा प्रेक्षक म्हणून नंबर लागला.

बघण्याच्या मर्यादा

एवढं वाचून कुणी मुलाच्या हातात मोबाइल देऊन मोकळं होईल, तर तसं करू नका! ट्विचच्या स्वतःच्या नियमानुसार तिथे किमान वय १३ आहे. 'स्ट्रीट फायटर ६' आणि 'टेकन ८' यांना अमेरिकेत १३ वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का आहे, आणि 'मॉर्टल कॉम्बॅट'ला १७ वर्षांपुढचा. तो खेळ तर प्राथमिकच्या मुलांसमोर येताच कामा नये, त्यातला रक्तपात मला स्वतःला बघवत नाही. प्राथमिकच्या मुलानं बघायचंच असेल तर मोठ्या माणसाशेजारी बसून, दहा-पंधरा मिनिटं, आणि थेट न बघता नंतर ठेवलेलं चित्रण. कारण थेट प्रक्षेपणाच्या शेजारी संदेशांची एक नदी वाहत असते. तिच्यातलं पाणी काही वेळा फारच घाण असतं.

आणि पालकांनो, याची रमीच्या जाहिरातींशी गल्लत करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यात वेगळं, मान्य स्थान दिलं. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर'मध्ये आपले मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारताकडून उतरले होते. दोघंही लवकर बाहेर पडले. सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वूनं जिंकलं, वय वर्षं ४४! "या वयात काय गेम खेळायचा" असं म्हणणाऱ्या माझ्या सहकारी गुरुजींना मी हे मुद्दाम सांगितलं.

बघणाऱ्याचा मोठा गैरसमज म्हणजे "हे तर मीपण केलं असतं." यावर उपाय गणिताचा. या खेळांचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. 'स्ट्रीट फायटर ६' मधले सगळ्यात जलद ठोसे चौथ्या फ्रेमला लागतात. म्हणजे ४/६०, संक्षिप्त रूप १/१५ सेकंद. 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाचा मोठा डाव यायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे २६/६० = १३/३० सेकंद.

आता फूटपट्टी घ्या. तुम्ही ती वरून उभी धरा, मुलानं शून्याच्या खुणेपाशी दोन बोटं उघडी ठेवायची. न सांगता सोडा. त्यानं २० सेंटिमीटरवर पकडली तर त्याला सुमारे ०.२ सेकंद लागले, म्हणजे १२ फ्रेम. ३० सेंटिमीटर पूर्ण गेली तर सुमारे पाव सेकंद, १५ फ्रेम. वर्गातल्या कुणालाही चार फ्रेममध्ये पकडता येणार नाही, मलाही नाही आणि जगज्जेत्यालाही नाही. मग तो ठोसा अडवतात कसा? मुलं स्वतःच सांगतात : "आधीच ओळखतात, बाई." चढाईला आलेला खेळाडू कुठून हात घालणार हे कबड्डीत ओळखतात तसंच. आणि २६ फ्रेमचा डाव? तो बघून अडवता येतो. कोणता डाव बघून अडवायचा आणि कोणता ओळखून, हे ज्याला कळलं त्याला सामना दिसायला लागला.

आवाज बंद करून

आमच्या वर्गात चालतो तो उपक्रम सांगते आणि थांबते. एका फेरीचं चित्रण आधी स्वतः बघून निवडा. रक्त नको, अंगप्रदर्शन नको. वर्गात लावताना आवाज पूर्ण बंद. दोन मुलं पुढे येतात, एक निवेदक आणि एक जाणकार. निवेदकानं घडतंय ते घडतंय तसं सांगायचं, सगळं वर्तमानकाळात. तो थांबला की जाणकारानं "का" ते सांगायचं. भाषा मराठी, घरची बोली चालेल. नंतर सगळ्या वर्गानं त्याच फेरीची पाच वाक्यांची बातमी लिहायची, सगळी भूतकाळात. काळ बदलण्याचा सराव एवढ्या उत्साहानं मी दुसऱ्या कोणत्याही स्वाध्यायात पाहिलेला नाही. पहिल्या वेळी निवेदक नुसतं "मारलं, मारलं, परत मारलं" म्हणतो. काळजी करू नका, तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून "मागं सरकतोय, वाट बघतोय" असं यायला लागतं.

अडचण येते ती डावांच्या नावांची, ती सगळी इंग्रजी नाही तर जपानी. म्हणून मुलांनी स्वतःच नावं पाडली. खाली बसून पायाजवळ फिरवलेली लाथ म्हणजे 'ऊसतोड'. हातातून सुटणारा आगीचा गोळा 'गोफणगुंडा'. पकडून आपटणं म्हणजे 'पोतं टाकणं'. एकामागून एक बुक्क्या आल्या की 'मुसळधार'. हातानं अडवून धरणं म्हणजे 'कवाड'. तुमच्या शाळेत हा उपक्रम केलात तर तुमच्या मुलांची नावं जरूर कळवा. दाइगोनं केलं ते, म्हणजे पुढे ढकलून फटका परतवणं, त्याला मात्र अजून नाव मिळालेलं नाही. एकीनं 'अंगावर जाऊन अडवणं' सुचवलं होतं, पण निवेदक म्हणाला, "एवढं बोलेपर्यंत तर फेरी संपते, बाई." शोध चालू आहे.